चिंचोक्यांचं दान

सिल्लोडहून उंडणगावमार्गे निघालं की हळद्यापर्यंत सगळं सपाट पठार. कपाशीची शेवटची वेचणी राहिलेली शेतं, मधेच हरभरा, मक्याच्या कडब्याच्या गंजी. मग रस्ता एकदम खाली उतरायला लागतो आणि वळणावर समोर वेताळवाडीचा किल्ला उभा राहतो. तटबंदी, बुरूज आणि वरच्या अंगाला आकाशात उघडी दिसणारी दोन कमानींची इमारत. गाडी चालवणाऱ्या सरांनी न विचारताच गाडी बाजूला घेतली. "इथं सगळेच थांबतात," म्हणाले. जानेवारीतली सकाळ होती, हवेत अजून गारवा होता. किल्ल्याच्या पायथ्याशी धरणाचं पाणी आणि त्याच्यापुढं सोयगावची झाडं दिसत होती.

हा घाट उतरला की मराठवाडा संपतो असं भूगोलाचं पुस्तक म्हणत नाही, पण कान म्हणतात. सोयगाव तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. कचेरीचं काम निघालं की लोक घाट चढून वर जातात. बाजार, सोयरीक, कापसाचा भाव मात्र खालच्या अंगाला, पाचोरा, शेंदुर्णी, जळगावकडे. बोलणंही तिकडचंच. मी जालन्याकडची, जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. तरी पहिल्या अर्ध्या तासात मला तीनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

निमित्त होतं शिक्षकांच्या दोन दिवसांच्या संमेलनाचं. विषय: खेळ आणि शिकणं. दर महिन्याला होणारी केंद्राची शिक्षण परिषद प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. दहाबारा शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, आदर्श पाठ होतो, सूचना वाचून दाखवल्या जातात, जेवण होतं, माणसं घरी जातात. त्यातल्याच काही जणांना वाटलं की एका विषयाला दोन दिवस द्यावेत, आणि मुख्य म्हणजे मधली रात्र एकत्र काढावी. पदरचे पैसे घालून त्यांनी हे जमवलं. डोंगराच्या कुशीतल्या एका शाळेत पन्नाससाठ जण आले होते. मला बोलावलं ते, जुन्या खेळांवर मी दोनचार लेख लिहिलेत म्हणून.

दिवसभराच्या सत्रांबद्दल थोडक्यात सांगते. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२३ साली आलेला 'जादुई पिटारा', २०२४ पासून आपल्याकडं सुरू झालेला 'आनंददायी शनिवार', पायाभूत साक्षरतेचं निपुण अभियान, या सगळ्यांवर नीट तयारी करून आलेली माणसं बोलली. कुणीतरी ताराबाई मोडकांची आठवण काढली, आणि ती काढायलाच हवी होती. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. वारल्यांची मुलं गुरांमागं रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द मी सेवेत लागले तेव्हा ऐकला होता. परत ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. गुरं चरताहेत आणि त्यांच्या मधोमध मुलं दगड, पानं, बिया घेऊन मोजताहेत. खेळातून शिक्षण हे शब्द आपण आज परिपत्रकांत वाचतो. त्या बायकांनी ते उन्हातान्हात केलं होतं.

एका तरुण शिक्षिकेनं मोक्षपट आणला होता. जुन्या पटावरून तिनं स्वतः मांजरपाटावर रंगवलेला. परंपरा हा खेळ ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीवरून वर जायचं, दुर्गुणाच्या सापाच्या तोंडी सापडलं की खाली यायचं, सगळ्यात वर मोक्ष. आज दुकानात मिळणारी सापशिडी ही याच घराण्यातली, फक्त नावं पुसलेली. डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसेन या अभ्यासकानं पश्चिम भारतातल्या या ज्ञानाच्या खेळावर कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला आहे. त्या शिक्षिकेचं म्हणणं मला पटलं: सापाला नाव होतं तोवर पडणाऱ्याला कशामुळं पडलो हे कळत होतं, नाव गेलं आणि उरलं नुसतं नशीब. तिनं तो पट भिंतीला टाचून ठेवला होता. सगळ्यांनी फोटो काढले, खेळलं कुणीच नाही. दुपार तिथंच संपली.

खरं संमेलन संध्याकाळी सुरू झालं.

आपल्या परिषदांची संध्याकाळ कशी जाते ते मी आयुष्यभर पाहिलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. ज्यांचे सत्कार व्हायचे त्यांचे, आणि मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. या मंडळींनी आधीच ठरवलं होतं की सत्कार एकही नाही. संध्याकाळी गावाला बोलवायचं, गावाबरोबर जेवायचं आणि गावाबरोबर खेळायचं. कार्यक्रमपत्रिकेवर तेवढंच लिहिलं होतं: 'सायंकाळी ६ पासून: गाव आणि आपण.'

माझी एक विद्यार्थिनी अमेरिकेत शिकायला होती. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनच्या आवारात २००५ पासून खेळ आणि शिक्षण याच विषयावर परिषद भरू लागली, तिथं ती एका वर्षी गेली होती. मेंडोटा तळ्याच्या काठावर मेमोरियल युनियनची इमारत आहे, तिच्या तळ्याकडच्या अंगणात रंगीत खुर्च्या मांडलेल्या असतात. तिनं फोनवर सांगितलं होतं, "बाई, भाषणं छान होती, पण संध्याकाळी त्या तळ्याकाठी आम्ही एकमेकांशी जे बोललो तेच डोक्यात राहिलं." तेव्हा मला ते कौतुकाचं वाटलं होतं, समजलं नव्हतं. समजलं ते या शाळेच्या ओट्यावर.

मैदानाच्या कडेला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता आणि त्यात वांगी टाकली होती. हिरवी, लांबट, भरताचीच. खानदेशी भरीत हे चुलीवर होत नाही, गॅसवर तर नाहीच. पऱ्हाट्यांचा जाळ झपकन वर येतो आणि साल करपेस्तोवर आतलं वांगं लोण्यासारखं होतं. गावातले दोन बाप्ये आणि आमचे चार शिक्षक जाळाच्या झळा चुकवत काठीनं वांगी फिरवत होते. बायका पलीकडं गरम सालं सोलत होत्या, बोटं फुंकत. मग हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि लाकडी दांड्यानं ठेचणं. बरोबर कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, थोडी काळसर, तोंडात टाकली की उडदाचा खमंगपणा येतो. तालुक्यातल्या तालुक्यात राहून एकमेकांशी कधी न बोललेली माणसं त्या जाळाभोवती बोलायला लागली. एक सर सांगत होते, त्यांच्या शाळेत पाचच मुलं उरलीत, कबड्डीचा संघच होत नाही. म्हणून ते पाच जणांत खेळता येतील असे खेळ शोधत फिरतात. ही अडचण दिवसभरात एकाही सत्रात कुणी मांडली नव्हती. भाकरीचा तुकडा हातात घेऊन त्यांनी ती मांडली आणि चौघांनी चार खेळ सांगितले.

जेवणं उरकली तशी ओट्यावर खडूनं चल्लस आठचा पट आखला गेला. पाच गुणिले पाच, पंचवीस घरं. आखणारे सर पटापट रेघा ओढत होते. तेवढ्यात एक म्हातारी, नऊवारी, हातात कंदिलासारखा धरलेला मोबाइलचा उजेड, पुढं आली आणि म्हणाली, "फुल्या चुकल्या मास्तर." चारी बाजूंच्या मधल्या घरांत एकेक फुली आणि एक अगदी मधोमध. सरांनी कोपऱ्यात काढल्या होत्या. त्यांनी पुसून परत काढल्या. आजी खाली बसल्या, कमरेची पिशवी सोडली आणि चार अर्धे चिंचोके ओट्यावर ठेवले.

ते चिंचोके मी हातात घेऊन पाहिले. चिंचोका मधोमध फोडायचा आणि फोडलेली बाजू दगडावर घासायची, म्हणजे एक अंग पांढरं सपाट होतं, दुसरं तपकिरी, फुगीर, चकचकीत. हे इतक्या वर्षांच्या हाताळण्यानं गुळगुळीत झाले होते. पांढरी बाजू पांढरी राहिली नव्हती, जुन्या दातासारखी पिवळसर झाली होती. "दोन चिंचोक्यांचे चार केले," आजी म्हणाल्या. "चारी एका वजनाचे पायजेत. एक हरवला का दान बदलतं."

चार पांढरे वर आले तर चल्लस, म्हणजे चार. चारही पालथे पडले तर आठ. या दोन दानांना परत टाकायला मिळतं. एक, दोन, तीन हे जेवढे पांढरे तेवढे. बाहेरच्या सोळा घरांतून उजवीकडून फिरायचं, आणि दुसऱ्याची निदान एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या आठ घरांत शिरता येत नाही. आत फिरणं उलट्या दिशेनं. शेवटी मधली फुली. फुलीच्या घरात बसलेल्याला कुणी मारू शकत नाही.

आजींच्या समोर गणिताचे एक सर बसले. दुसऱ्या बाजूंना एक चौथीतली मुलगी आणि मी. मला मांडी घालता येईना, गुडघे दुखतात. "बसा ना बाई, पाय काहून आखडता?" म्हणून आजींनी मला भिंतीच्या टेकूला सरकवलं. सोंगट्या म्हणून सरांना खडे, मला तुरीचे दाणे, पोरीला बांगडीचे तुकडे, आणि आजींना चुलीतले कोळसे.

आजींना अक्षरओळख नाही. पण दान पडायच्या आत त्यांची बोटं कोळशावर गेलेली असायची. सरांच्या दोन सोंगट्या आजींच्या कोळशापासून दोन आणि तीन घरांवर होत्या. आजी चिंचोके घोळवत म्हणाल्या, "दोन जास्ती येतं, आधी ती मारू." सर थांबले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि हातावरच मांडायला लागले. चार चिंचोके म्हणजे पडायच्या सोळा तऱ्हा. दोन पांढरे येतील अशा सहा. एक येईल अशा चार, तीन येतील अशा चार. चल्लसची एकच, आठची एकच. त्यांनी हात आजींसमोर धरला. आजींनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. दोन पडले होते, सरांचा खडा उचलून त्यांनी त्यांच्या तळव्यावर, त्या आकड्यांवरच ठेवला.

सगळा ओटा हसला आणि सर सगळ्यांत मोठ्यानं. मग ते जे बोलले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. ते म्हणाले, संभाव्यता मी फळ्यावर शिकवतो तेव्हा नाणं आणि फासा काढतो, आणि मुलं पाठ करतात. नाण्याला बाजू दोन, फाशाला सहा, सगळ्या सारख्या. त्यात अंदाज बांधायला काही नाहीच. इथं पाच दानं आहेत आणि पाचही सारखी नाहीत. यातच तर गणित आहे. त्यांनी चौथीतल्या पोरीला खडू दिला आणि प्रत्येक दानाला रेघ ओढायला सांगितलं. खेळ चालू राहिला तशा ओट्याच्या कडेला रेघा वाढत गेल्या. दोनची रांग सगळ्यांत लांब. तासाभरानं पोरगी स्वतःहून म्हणाली, "सर, आठ येतच नाही फार." आजी म्हणाल्या, "येतं. येतं तवा घ्यावं."

दिवसभर मोक्षपटाचे फोटो काढणाऱ्यांनी तो पट आता भिंतीवरून काढला होता आणि पलीकडच्या दिव्याखाली त्यावर सहा जण ओणवे झाले होते. कुणाला सापानं गिळलं की त्या दुर्गुणाचं नाव मोठ्यानं वाचायचं असा नियम त्यांनी आपसात ठरवला होता. "मत्सर!" असा ओरडा अंधारात ऐकू यायचा आणि मागून हशा. ती तरुण शिक्षिका गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बघत बसली होती.

माझा डाव लवकर संपला. मी भिंतीला टेकून बसले आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. ती इथं सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा होता. वडील सालदार, आई मजुरीला. तो मागं बसून खिशातले चिंचोके मोजायचा, एकीबेकी खेळायचा. मी एकदा ते सगळे काढून घेतले आणि कपाटात कुलपात ठेवले. वार्षिक तपासणी तोंडावर होती, वर्ग शिस्तीत दिसायला हवा होता. तो रडला नाही. दोन दिवस आला, मग येईनासा झाला. मी घरी गेले तेव्हा कुटुंब ऊसतोडीला निघून गेलं होतं. ते कदाचित तसेही गेले असते. पण चिंचोके माझ्या कपाटात राहिले, एका जुन्या खडूच्या डबीत. बदली झाली तेव्हा ती डबी मी तिथंच ठेवून आले, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री ओट्यावर सांगितलं. शेजारच्या गणिताच्या सरांना, हळू आवाजात. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्याकडं गोट्या आहेत, मॅडम. कपाटात. यंदाच्याच."

दुसऱ्या दिवशी लेणी. अजिंठा म्हणतात, आणि अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात. पण लेणी ज्या लेणापूरच्या हद्दीत आहेत ते गाव सोयगाव तालुक्यातलं. ही त्या शिक्षकांची अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती त्यांनी मला दोन दिवसांत निदान पाच वेळा सांगितली. फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या सोडायच्या, एसटीच्या बसनं पायथ्याशी जायचं, मग पायऱ्या. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणात तीस लेणी. आम्ही सगळी पाहिली नाहीत. एकाच लेण्यासाठी आलो होतो. दुसऱ्या क्रमांकाच्या.

पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळातलं हे लेणं. आत अंधार, फ्लॅशला बंदी, डोळे सरावायला वेळ लागतो. भिंतीवर विधुरपंडिताची जातककथा आहे. झोक्यावर बसलेली नागकन्या इरंदती सगळे बघतात, कारण ती सुंदर आहे. त्याच कथेत पुढं द्यूत आहे. इरंदतीच्या आईला विधुराचं हृदय हवं, आणि जो ते आणील त्याला मुलगी. पूर्णक यक्ष इंद्रप्रस्थाला जातो, कुरुराजाशी फासे खेळतो आणि पणात त्याचा शहाणा मंत्री विधुर जिंकून घेतो. राजा म्हणतो हा माझा आप्त, दास नव्हे, पणात धरता येणार नाही. तेव्हा विधुरालाच विचारतात, आणि तो खरं सांगतो: मी दास आहे. यक्ष त्याला घेऊन जातो, मारायला निघतो, आणि शेवटी त्याच्याचकडून शिकतो. आईला हृदय म्हणजे त्याचं ज्ञान हवं होतं. फाशांनी सुरू झालेली गोष्ट शिकण्यापाशी येते. महाभारतातलं द्यूत आम्हाला सगळ्यांना पाठ. हे दुसरं द्यूत आपल्याच तालुक्यात भिंतीवर आहे हे तिथल्या निम्म्या शिक्षकांना नवं होतं.

पण मला जे दाखवायला त्यांनी आणलं होतं ते आतल्या बाजूच्या छोट्या गाभाऱ्यात होतं. हारीती आणि पांचिक. हारीती ही मुलं खाणारी यक्षी. बुद्धांच्या भेटीनंतर मुलांची राखणदार झाली. दोघं थोराड अंगाची, निवांत बसलेली. खाली, त्यांच्या आसनाच्या पट्टीत, वितीएवढ्या उंचीची एक शाळा कोरली आहे. गुरुजी बसलेत, हातात छडी. पुढची मुलं माना खाली घालून अभ्यासात. मागची मुलं मात्र गुरुजींकडं बघतच नाहीत. ती खेळताहेत.

आम्ही पाळीपाळीनं वाकून पाहिलं. पंधराशे वर्षांपूर्वी कुण्या शिल्प्यानं देवीच्या पायाशी वर्ग कोरला आणि त्यात मागची मुलंही कोरली. त्यांना त्यानं वगळलं नाही, शिक्षा दिलेली दाखवली नाही. गुरुजींवर जेवढी मेहनत घेतली तेवढीच त्यांच्यावर. गणिताचे सर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. रखवालदारानं पुढं सरका म्हटल्यावर उठले. बाहेर उजेडात आल्यावर म्हणाले, "सोमवारी गोट्या काढतो."

निघताना आजींनी मला त्यांचे चिंचोके दिले होते. सकाळी, गाडीत बसताना, खिडकीतून. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "माह्याकडं झाड आहे चिंचेचं. दुसरे घासीन."

फर्दापूरहून संभाजीनगरची बस गच्च भरलेली होती. सिल्लोडला बरीच माणसं उतरली आणि मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर सातआठ वर्षांचा मुलगा, शाळेच्या गणवेशात. मी पिशवीतून चिंचोके काढले आणि मांडीवरच्या वहीच्या पुठ्ठ्यावर नुसतेच टाकले. गाडी हलत होती, ते थोडे सरकले आणि थांबले. चारही पालथे.

मुलगा आईच्या मांडीवरून पुढं वाकला.

"आठ," तो म्हणाला. "परत टाका."